कुत्र्याचं नाव

"कुत्र्याचं नावही लिहीत जा, सेन्योरिता झानोत्ती. नावानं हाक मारली की कुत्रं अर्धं भुंकणं गिळून टाकतं."

इंजिनियर आर्नाल्दी कारखान्याचे मोठे साहेब, पण त्यांचा आवाज कधी चढत नसे. नाताळचे खोके वाटायला गेलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला वस्तीतल्या कुणाच्या तरी कुत्र्यानं पोटरीला धरलं होतं आणि सगळं ऑफिस तोंडावर रुमाल धरून हसत होतं, तेव्हा ते एकटेच हसले नव्हते. त्यांनी ड्रायव्हरला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात पाठवलं आणि मग नेलिदाच्या टेबलापाशी येऊन, जणू तिचीच परवानगी मागावी तसं, हे सांगितलं. तिला ते पटलं होतं. त्या वर्षापासून तिच्या प्रत्येक कागदाच्या तळाशी ती एक ओळ जास्तीची घालू लागली. चाळीस-बेचाळीस वर्षं झाली असतील. आणि आज, गुरुवारी, सकाळी साडेदहाला, रोसारिओ शहराच्या एका औषधाच्या दुकानाबाहेर तिच्या हातानं ती ओळ पुन्हा लिहिली.

झालं इतकंच होतं की एका मुलीनं पत्ता विचारला. वीस-एकवीसची असेल, पाठीवर व्हायोलिनची पेटी, फोन बंद पडलेला. मागच्या बोळात कुठेतरी एक शिक्षिका राहतात, त्यांच्याकडे पहिलाच दिवस आणि आधीच उशीर झालेला. "थांब, काढून देते," नेलिदा म्हणाली, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची कागदी पिशवी भिंतीवर धरून तिनं पेन टेकवलं. पुढचं सगळं हातानं केलं. वर्तमानपत्रांच्या टपरीला चौकोन, वळणावर बाण आणि बाणाला मागे छोटी शेपटी, पिंपळपानाएवढं झाड, तिसरं दार, हिरवी जाळी. मुलगी हात पुढे करून उभी होती तरी पेन उचललं गेलं नाही. तळाशी एक आडवी रेघ आली आणि रेघेखाली अक्षरं आली: कुत्रा आहे. नाव लुसेरो. मुलीनं वाचलं आणि ती खळखळून हसली. "अय्या, कुत्र्याचं नावसुद्धा! आजी, तुम्ही तर पोलिसात हव्या होतात." मग तिनं रिवाजाप्रमाणे नेलिदाच्या गालाला गाल लावला आणि व्हायोलिन सावरत पळत सुटली. नेलिदा तशीच भिंतीला धरून उभी राहिली. भिंत थंड होती, मे महिना सरत आला होता, इकडचा हिवाळा तोंडावर होता. गालावर मुलीच्या गालाचा ऊबदार ठिपका तेवढा राहिला होता आणि तो पुसावासा वाटत होता. दुकानदार बाहेर आला. "दोन्या नेलिदा, साखर उतरली का? एक गोळी चघळा." "मी साखर खात नाही," ती म्हणाली. हे खरंच होतं. सदतीस वर्षं तिनं साखर खाल्ली नव्हती.

घरी येऊन तिनं किटली ठेवली. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, खिडकीतून नदीची एक पट्टी दिसायची, तपकिरी, न हलणारी. माते, तो कडवट पानांचा चहा, पेल्यात भरताना हिरवा भुगा टेबलावर सांडला. तो गोळा करता करता तिला वाटलं, हात काही विसरत नाही. डोकं विसरतं, जीभ तर विसरण्यात पटाईतच. हाताला कुणी सांगितलंच नव्हतं की आता थांब. कारखान्यात तिचं कामच ते होतं. घरच्या चुली बनवायचा तो कारखाना, हजारभर माणसं, आणि ती कामगार खात्यातली घरभेटीची बाई. कुणाची बायको बाळंत झाली की बाळंतविडा पोचवायचा, कुणी आजारी पडलं की बघून यायचं, नाताळात गोड पाव आणि सफरचंदाच्या दारूचे खोके कुठल्या घरी किती ते ठरवायचं. लोक उत्तरेच्या गरीब प्रांतांतून, चाको आणि सान्तियागोकडून आलेले, मिळेल त्या पडीक जागेवर पत्रे उभे करून राहिलेले. तिथे रस्त्याला नाव नाही, घराला आकडा नाही. टपालवालासुद्धा पत्रं किराणा दुकानात टाकून सुटायचा. म्हणून नेलिदा प्रत्येक घराचा रस्ता काढून ठेवायची. कामगाराच्या कार्डाला टाचणीनं जोडलेला एकेक कागद: पंपापासून डावीकडे, अर्ध्या पिंपात जिरेनियम लावलेलं घर सोडून पुढे, निळं दार, आत दोन बिऱ्हाडं, आपलं मागचं. तिच्या कागदावरून आंधळासुद्धा पोचेल असं म्हणायचे. हे म्हटलं की तिला बरं वाटायचं. आईनं तिला रूप दिलं नव्हतं, गळा दिला नव्हता. नीट हात मात्र दिला होता.

आणि इंजिनियर साहेब ते कागद वाचत. हे कुणाला ठाऊक नव्हतं. शुक्रवारी ते कामगारांच्या खाणावळीत सूप चाखायला जात, मधेच कुणाच्या खांद्यावर हात ठेवून विचारत, "काय गोन्साल्वेस, धाकटीचे कान बरे झाले का?" आणि गोन्साल्वेस चमचा हातात तसाच धरून दिवसभर ते सांगत फिरायचा. धाकटीचे कान नेलिदाच्या अक्षरात त्या सकाळीच साहेबांच्या टेबलावर पोचलेले असायचे. यात वाईट काय, असं तिला तेव्हा वाटायचं. आजही, सगळं कळल्यावरही, त्यातला वाईट आणि चांगला धागा तिला सुटा करता येत नव्हता. आई गेली तेव्हा साहेबांनी गाडी पाठवली होती, फुलं पाठवली होती, स्वतः येऊन शवपेटीपाशी गुडघे टेकले होते. त्याच गुडघ्यांवर नंतर तिनं नकाशा पसरलेला पाहिला, कारखान्याच्या फुटबॉलच्या मैदानात, लष्कराच्या ट्रकच्या सावलीत. शहात्तरच्या मार्चमध्ये लष्करानं राज्य घेतलं आणि आठवड्याभरात ट्रक मैदानात आले. अधिकारी दुपारी साहेबांच्या जेवणघरात निखाऱ्यांवरचं मांस खायचे. साहेब कुणालातरी म्हणत होते, "घर आपलं आहे कप्तान, पण झाडू तुमच्याकडे आहे." सगळे हसले. नेलिदानं कॉफीचे पेले ठेवले. कॉफी आणणं तिचं काम नव्हतं. त्या दिवशी ऑफिसचा शिपाई आला नव्हता. एनॅमलच्या भट्टीवर निरोप घेऊन गेला तिथूनच त्याला सैनिकांनी आदल्या दिवशी उचललं होतं, सगळ्यांसमोर, शिफ्ट चालू असताना, आणि मुकादम त्याचं कार्ड हातात धरून फोटोशी चेहरा ताडून बघत होता.

एउसेबिओ माइदाना त्याच भट्टीवरचा. कामगारांनी निवडून दिलेला त्यांचा प्रतिनिधी. एनॅमलच्या पावडरीनं माणसं खोकून खोकून अर्धी झाली होती, म्हणून तोंडाला जाळ्या आणि दिवसाला एक लिटर दूध हवं म्हणून तो दोन वर्षं साहेबांच्या मागे लागला होता. हातात टोपी धरून, पण एक पाऊल मागे न घेता. दूध मिळालं. ज्या दिवशी मिळालं त्या दिवशी साहेब त्याच्याशी हात मिळवून आत आले आणि रुमालानं हात पुसत नेलिदाला म्हणाले, "हा माणूस उद्या गाय मागेल." एप्रिलच्या सुरुवातीला माइदाना बायकोला घेऊन दुसरीकडे राहायला गेला. बायकोला सातवा महिना होता. कुणाला न सांगता गेला. मेहुण्यानं, होनोरिओनं, एका पत्र्याच्या गोदामामागे दोन खोल्या शोधून दिल्या होत्या. बाळंतविड्यासाठी नाव लावायला त्याची बायको तेओफिला कारखान्यात आली तेव्हा तिनंच नेलिदाच्या कानाशी लागून नवी जागा सांगितली. का सांगू नये? नेलिदानं तिच्या पहिल्या पोराला, जे जगलं नाही, स्वतःच्या हातानं टोपडं विणून दिलं होतं.

त्या शनिवारी ती गेली. गोदामाला वळसा घातला तर एक भलं मोठं काळं कुत्रं अंगावर आलं आणि तिच्या हातातला खोका हुंगून शांतपणे बाजूला झालं. माइदाना आतून ओरडला, "घाबरू नका सेन्योरिता, तो डॉक्टर आहे. आधी तपासतो, मग आत सोडतो." "कुत्र्याचं नाव डॉक्टर?" "मग काय! वस्तीत दुसरा कुठला डॉक्टर येतोय? आणि हा फीसुद्धा घेत नाही, हाडावर भागतं." तेओफिला हसता हसता पोट धरून खुर्चीत बसली. "ऐकताय ना? दिवसभर मला हेच ऐकवतो. कुत्रं माझ्या भावानं दिलं आणि बारसं यानं केलं." दुपट्यांचा खोका उघडला तेव्हा माइदानानं काळे पडलेले हात पाठीमागे बांधून घेतले, पांढऱ्याला डाग नको म्हणून. दुपटं दुरूनच बघत होता. नेलिदानं माते घेतला. तेव्हा ती दोन चमचे साखर घ्यायची.

पुढच्या बुधवारी दुपारी, जेवून वस्ती निजली असताना, ते आले. माइदानानं आजारपणाची रजा टाकली होती म्हणून तो घरी होता. दोन दिवसांनी कारखान्याच्या फाटकापाशी तेओफिला उभी होती, पायात दोन वेगळ्या चपला. फाटकावरचा माणूस तिला आत सोडत नव्हता. नेलिदा बाहेर गेली. तेओफिला रडत नव्हती, तिचे डोळे कोरडे, मोठे झाले होते. "सेन्योरिता, भुंकलंच नाही ते," ती म्हणाली. "पाच जण आले, बूट घालून, आणि कुत्रं भुंकलं नाही. त्यातला एक म्हणाला, गप रे डॉक्टर, बस खाली. नावानं! आणि ते बसलं हो. शेपूट हलवत बसलं." नेलिदानं तिचा दंड धरला होता. तो दंड अजून, या क्षणी, किटलीपाशी, तिच्या पंजात होता, हाडापर्यंत बारीक आणि तापलेला. "तुमच्याखेरीज नव्या जागेचा पत्ता एकाला ठाऊक. कुत्र्याचं नाव त्या एकालाच ठाऊक. माझा भाऊ, सेन्योरिता! माझ्या आईच्या पोटचा! तुम्ही आत असता, तुमच्या कानावर येईल. कधी कळलं ना, घर कुणी दाखवलं ते, तर मला सांगाल? दुसऱ्या कुणाच्या आधी मला सांगाल? म्हणा, सांगेन म्हणून." आणि नेलिदा म्हणाली, "सांगेन." "मारिया माउलीची शपथ?" "माउलीची शपथ."

तिनं शपथ घेतली तेव्हा तिला ठाऊक होतं. या एका वाक्याभोवती ती सदतीस वर्षं फिरली होती, एखाद्या विहिरीभोवती फिरावं तशी, काठावर हात ठेवून, आत न बघता. दुसऱ्या दिवशी तिनं साखर सोडली. मग रोजची जपमाळ धरली, गुडघ्यांवर, उशीही न घेता. मग शुक्रवारचा उपास. लोक तिला पुण्यवान म्हणू लागले. पण माळेचं तिला कुणाला सांगता आलं नाही. बोटं मण्यावर आली, नमो मारिया ओठांवर आलं, की मणी म्हणजे पंप व्हायचा, पुढचा मणी जिरेनियमचं पिंप, मग निळं दार. पन्नास मण्यांत ती अख्खी वस्ती पायाखाली घालायची, दारादारापाशी थांबून, आणि आत कुणी नसायचं. माउलीला हाक मारायला बसावं आणि रस्ता दाखवत सुटावं, असं व्हायचं.

माइदाना परत आला नाही. तेओफिलाला मुलगी झाली. ग्रिसेल्दा. धर्ममाता कोण? नेलिदा. नाही कसं म्हणणार? त्या दिवसापासून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. नात्याच्या बहिणीहून जवळच्या. पहिला दात, पहिलं कॉम्युनिअन, पंधराव्या वाढदिवसाचा गुलाबी झगा, सगळीकडे नेलिदा. आणि सगळीकडे एक जागा रिकामी, मामाची. होनोरिओ तीन गल्ल्या पलीकडे राहायचा. त्यानं पहिल्या वर्षी येऊन दार ठोठावलं, दुसऱ्या वर्षी चिठ्ठी पाठवली, मग थांबला. त्यांच्या आईला पुरलं त्या दिवशी तो समोरच्या फुटपाथवर उभा होता, हॅट छातीशी, डोक्यावर मोजके केस वाऱ्यानं उभे राहिलेले. तेओफिला म्हणाली, "कुणी तिकडे बघायचं नाही." ग्रिसेल्दा सात-आठ वर्षांची, तिनं मान वळवली तर तिच्या पाठीत चापट बसली. नेलिदा तेओफिलाचा हात धरून शेजारीच होती. तिनं मात्र पाहिलं. होनोरिओनंही पाहिलं, आणि तिला, तिला एकटीला, त्यानं किंचित मान लववली. सभ्य माणूस बाईमाणसाला करतो तसा साधा नमस्कार. त्यात काही मागणं नव्हतं, काही संशय नव्हता. त्या नमस्काराचं ओझं तिला एखाद्या शिवीपेक्षा जड गेलं.

गेल्या आठवड्यात सरकारी वकील बाई आल्या होत्या. तरुण, बोलताना पेन चावायची सवय. पोलिसांच्या एका जुन्या कपाटात नऊ कागद सापडलेत म्हणाल्या. हातानं काढलेले, घरांचे रस्ते दाखवणारे. नऊही घरांमधून माणसं नेलेली. पण कागदावर कारखान्याचं नाव नाही, सही नाही. "इंजिनियर आर्नाल्दींचे वकील म्हणतात, पोलिसांनीच काढले असतील. हे कारखान्यातून गेले असं सांगणारा एक जरी माणूस मिळाला ना, दोन्या नेलिदा. तुम्ही त्या खात्यात होतात. सोमवारी त्यांच्यावरच्या खटल्याची सुनावणी आहे." टेबलावर नऊ प्रती पसरल्या. नऊ बाण, नऊ शेपट्या. "चष्मा शोधायला हवा," नेलिदा म्हणाली. वकील बाईंनी तिच्या नाकाकडे पाहिलं. चष्मा नाकावरच होता. बाई प्रती तिथेच ठेवून गेल्या. मग नेलिदानं त्या एकेक करून उलटल्या. पहिला, दुसरा, पाचवा, नववा. माइदानाचा त्यात नव्हता. "देवा, तुझे उपकार," तिच्या तोंडून निघालं, मोठ्यानं, रिकाम्या खोलीत. शब्द निघून गेल्यावर खोली तशीच राहिली. घड्याळ, खुर्ची, माउलीची तसबीर. कुणीतरी घाण करून गेल्यासारखी. नऊ घरं उजाडली होती आणि ती देवाचे आभार मानत होती, कशाचे, तर दहावं घर कुणाला दिसणार नाही याचे.

आता, ती किटलीपाशी उभी असताना, फोन वाजला. साहेबांची मुलगी, मार्ता एलेना, सगळ्यांशी लाडानं बोलणारी. "नेलिदाताई, कशा आहात? पप्पा रोज तुमची चौकशी करतात बरं का. माणसं ओळखत नाहीत हल्ली, पण परवा म्हणाले, झानोत्तीसारखं अक्षर नाही पाहिलं." नेलिदानं किटलीखालचा गॅस बारीक केला. "तुम्हालाही त्रास देतायत म्हणे ते लोक? ह्या वयात कोर्टाच्या पायऱ्या कसल्या चढायच्या! पप्पांच्या डॉक्टरांना मी सांगते, ते तुमचंही सर्टिफिकेट लिहून देतील. रक्तदाब आहे ना तुम्हाला? मग झालं. आजारी माणसाला कुणी जबरदस्ती करू शकत नाही." थोडं थांबून, आवाज आणखी खाली आणून ती म्हणाली, "आणि ताई, तुम्ही काय केलंत? दुपटी वाटलीत. तुमच्यासारख्या देवमाणसाला त्यात कशाला ओढायचं?" असंच, अगदी असंच, सत्त्याहत्तर साली पाद्री म्हणाले होते, पापकबुलीच्या जाळीच्या पलीकडून: मुली, तू बाळंतविडे पोचवलेस, जपमाळ म्हण. आणि त्यांनीही चुकीचं ऐकलं नव्हतं, तिनं सांगितलंच तेवढं होतं: कागदांची पेटी माझ्या ताब्यात होती, साहेबांनी मागितली, मी दिली. "विचार करते," ती मार्ता एलेनाला म्हणाली आणि फोन ठेवला. आवाज साहेबांचाच होता, नुसता बाईचा झालेला. आणि तिला जाणवलं की त्या आवाजाखाली उभं राहणं अजूनही किती सोपं, किती उबेचं होतं. तो आवाज माणसाला काही करायला सांगत नसे. त्यानं जे ठरवलेलं असे त्यात माणसाला नुसती जागा करून देई.

ती जपमाळ घेऊन खाली बसली. वेळ जपमाळेची नव्हती, पण बसली. पहिला मणी पंप होऊ लागला तसा तिनं तो बोटांत घट्ट धरला, पुढे जाऊ दिला नाही. एका जागी थांबल्यावर मग ते दिसलं. त्या बुधवारच्या आदली, मंगळवारची सकाळ, अकरा. साहेबांची खोली. कप्तानाचे केस ओले, भांग नीट काढलेला, बोटाला अल्फाहोर बिस्किटाची पिठीसाखर. पेटी टेबलावर उघडी. "माइदानाचा यात नाही," कप्तान म्हणाला. जुनं घर रिकामं निघालं होतं. साहेबांनी वर पाहिलं. तिच्याकडे. "सेन्योरिता झानोत्तींना ठाऊक असेल. शनिवारी बाळंतविडा घेऊन त्याच गेल्या होत्या." एवढंच. कुणी बंदूक रोखली नाही, दार लावलं नाही. तिला 'मला आठवत नाही' म्हणता आलं असतं. गोदामं वस्तीत पन्नास होती, कुठलंही एक दाखवता आलं असतं. साहेबांनी खिशातलं पेन काढून, टोपण उघडून तिच्यापुढे धरलं, आणि तिनं ते घेतलं. तिथेच, उभ्यानं, टेबलाच्या कोपऱ्यावर वाकून तिनं काढलं. आणि हे, हेच ती सदतीस वर्षं कुणाला, देवालाही, सांगू शकली नव्हती, की काढताना ती भ्यायली नव्हती. ती मन लावून काढत होती. गोदामाचा कोपरा तिरका आला तर तिनं तो गिरवून सरळ केला. दोन माणसं तिच्या हाताकडे बघत होती आणि तिला ते आवडत होतं. कागद साहेबांनी उचलला, डोळ्यांपासून जरा लांब धरला, आणि शाळेतल्या मुलीला विचारावं तसं हसून विचारलं, "आणि कुत्रा?"

तिनं कागद परत घेतला आणि लिहिलं.

कप्तानानं तो पेटीत ठेवला नाही. घडी करून शर्टाच्या खिशात घातला, बटण लावलं. "काय सुंदर हात आहे," तो म्हणाला. ती लाजली होती.

मणी अजून बोटांत होता. मार लागलेल्या जागी मागाहून दुखू लागतं, तसं काहीतरी छातीत उतरत होतं. पण भीती नव्हती, किंवा भीती होती आणि ती इतकी वर्षं जवळ राहिलेल्या शेजारणीसारखी झाली होती. तिला वाटलं, साखर सोडली, उपास केले, गुडघे फोडून घेतले, हे सगळं मी कुणाला दिलं? माउलीनं तर मागितलं नव्हतं. मागणारी एकच होती. फाटकापाशी, दोन वेगळ्या चपला घालून. तिनं एकच गोष्ट मागितली होती, आणि ती सोडून नेलिदानं तिला सगळं दिलं होतं. आणि होनोरिओ? सत्त्याहत्तर वर्षांचा झाला असेल. गेल्या नाताळात ग्रिसेल्दानं सहज सांगितलं होतं, मामा आता काठी घेऊन बेकरीपर्यंतच येतो, मी समोरून आले की रस्ता ओलांडून पलीकडे जातो. मला अवघड वाटू नये म्हणून. असं म्हणाली, आणि स्वतःच्या बोलण्याचं स्वतःला नवल वाटल्यासारखी थांबली होती. माइदानाचा कागद कुठे सापडणार नव्हता. सोमवारी कोर्टात नऊ कागदांचं सांगून मोकळं होता आलं असतं. लोकांनी पाठ थोपटली असती, तेओफिलानं मिठी मारली असती. त्या मिठीचा विचार आला आणि तिनं माळ बाजूला ठेवली.

ती उठली, खुर्चीला धरून. फोन फिरवला.

"कोण, नेली? अगं कोमाद्रे, आज गुरुवार, आज कशी आठवण झाली?" तेओफिलाच्या मागे रेडिओ चालू होता. "घरी आहेस?" "नाही, राजवाड्यात नाचायला गेलेय! ह्या गुडघ्यांनी कुठे जाणार? ये ना. ग्रिसेल्दा तळलेल्या पोळ्या करतेय, तेल कमी पडलंय म्हणून माझ्यावर चिडलीय." "तेओ, मला बोलायचंय तुझ्याशी." "मग बोल." "फोनवर नाही." रेडिओचा आवाज बारीक झाला. "बरी आहेस ना तू? तपासण्या आल्या का? खरं सांग, मला फसवू नकोस हं." नेलिदानं डोळे मिटले. "तब्येत बरी आहे. ग्रिसेल्दालाही बसव. ती घरातच असू दे." "नेली, घाबरवतेस मला." "हो," नेलिदा म्हणाली, "येते मी."

तिनं गॅस बंद केला, कोट चढवला, गळ्याशी बटण लावलं. नऊ प्रती टेबलावर होत्या त्या तशाच राहू दिल्या, त्या सोमवारच्या होत्या. आज दुसऱ्या कुणाच्या आधी एकीला सांगायचं होतं. दार ओढून घेतलं. लिफ्ट बंद होती, नेहमीसारखी. दुसऱ्या मजल्यावर शेजारचे म्हातारे पास्क्वाल कुंडीत सिगारेटची राख टाकत उभे होते. "इतक्या गारठ्यात कुठे निघालात, दोन्या नेलिदा?" "कोमाद्रेकडे." "मग काय, चैन आहे! रात्रीच परत याल." "ठाऊक नाही," ती म्हणाली. त्यांना तो विनोद वाटला, ते हसले. कठड्याला धरून ती एकेक पायरी उतरू लागली. तोंडातल्या तोंडात वाक्य जुळवत होती. इतकी वर्षं तिनं हे वाक्य हजार वेळा जुळवलं होतं आणि दर वेळी ते दुसऱ्याच कुणापासून सुरू व्हायचं: त्यांनी विचारलं, साहेबांनी सांगितलं, पेटी मागितली. खालच्या पायरीवर ती थांबली, श्वास घेतला. तेओ, मी. पुढचं अजून येत नव्हतं. पुढचं तिथे पोचेपर्यंत येईल. तिनं रस्त्याचं जड दार खांद्यानं ढकललं आणि बसच्या थांब्याकडे चालू लागली.